ठिपका हलतोय का?

शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधतात, आणि किस्से मात्र आमच्या गळ्यात पडतात!

नवऱ्याच्या मागे योकोहामाला आले, मुलगी मोठी झाली, आणि मी अशाच पट्ट्यांच्या कंपनीत सपोर्टला लागले. रानडुकराच्या मागे गेलेला कुत्रा डोंगरात दिसेनासा झाला, की म्हातारे शिकारी आम्हाला फोन करतात. आम्ही स्क्रीनवरचा ठिपका बघून सांगायचं, कुठे आहे ते.

हे सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर समजावलं. त्या म्हणाल्या, "अगं, कुत्री काय शोधायची? आपल्या कोपऱ्यावर तर तीच आपल्याला शोधतात!"

*

एकदा नवीन पट्ट्याची टेस्ट होती. ऑफिसात कुत्रा नाही. आमचे साहेब सातो-सान म्हणाले, "जोशी-सान, तुम्हीच टेकडीवर फिरून या."

मी मफलरखाली पट्टा बांधून निघाले. थोड्या वेळानं त्यांचा फोन. "ठिपका हलत नाहीये. पट्टा बिघडला का?"

माझ्यासमोर कॉफी आणि केक. खोटं कसं बोलणार, मॅपवर बेकरीचं नाव दिसत होतं!

"पट्टा ठीक आहे, सातो-सान. कुत्रा चाळिशीतला आहे."

*

मोरी-सान आमचे लाडके कस्टमर. सत्तरी पार, आणि जीव सगळा हाना नावाच्या कुत्रीत. त्यांना मी पहिल्याच फोनवर रडवलं.

पट्ट्याची बॅटरी संपल्यामुळे हानाचा ठिपका गायब झाला होता. आपण कसं, 'बॅटरी डेड झाली' म्हणतो? तेच मी जपानीत केलं. त्यात जपानी लोक वाक्यातलं 'कोण' खुशाल गाळतात, म्हणून मीही ऐटीत गाळलं. म्हणजे नुसतंच म्हणाले, "मेली हो. सॉरी."

पलीकडून हळूच, "सकाळी तर भात चाटूनपुसून खाल्ला होता तिनं..."

सातो-साननी माझ्या हातातून फोनच काढून घेतला! तेव्हापासून मोरी-सान हॅलोच्या आधी विचारतात, "जोशी-सान, आज मी तरी जिवंत आहे ना?"

*

आणि हा गेल्या हिवाळ्यातला. बर्फ पडायला लागलेलं, आणि मोरी-सानचा फोन. हाना दरीत उतरली होती. ठिपका हलत नव्हता. मोरी-सानचे गुडघे काही त्यांना खाली उतरू देईनात.

पट्ट्यात छोटा स्पीकर असतो, त्यातून कुत्र्याला हाक मारता येते. पण सर्दीनं त्यांचा घसा पार बसलेला. "नुसती हवा येतेय," ते कुजबुजले. "तुम्ही तिकडून हाक मारा ना. तिला घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

आधी सातो-साननी मारली. अगदी नम्रपणे. "हाना-सान, कृपया परत यावे."

ठिपका ढिम्म.

मी माइक ओढला. सगळं जपानी विसरले. तोंडातून निघालं ते लहानपणी गल्लीत आम्ही कुत्र्यांना बोलवायला ओरडायचो तेच. "यू यू यू यू! हाने, ये गं! यू यू यू!"

अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. जपानीत 'यू' म्हणजे गरम पाणी. सातो-सान गोंधळून म्हणाले, "चहासाठी हवंय का?"

तेवढ्यात ठिपका हलला! थांबला. मी परत ओरडले. मग जो सुटला तो सरळ मोरी-सानच्या गाडीकडे. फोनमधून आधी भुंकणं ऐकू आलं, मग त्या बसलेल्या घशातलं हसू. की रडू, कोण जाणे.

काही दिवसांनी पुन्हा मोरी-सान. आवाज खणखणीत.

"जोशी-सान, तक्रार आहे. रोज संध्याकाळी बायको मला आंघोळीला हाक मारते, 'यू' तापलं म्हणून. माझे कपडे निघेपर्यंत हाना टबात!"