दुकानातलं रिकामं टेबल

बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी ब्रह्मपुरीतल्या एका बाईच्या इंटरनेटच्या दुकानात बसतो. बाई फाटक्या तोंडाची. एका गिऱ्हाइकानं इंटरनेटवर तिला चोर लिहिलं, ते तिनं हसत वाचून दाखवलं. "लिहू द्या भाऊ, तोंड त्याचं हाये."

पुढं त्यानंच तिच्या दुकानातून कॉलेजच्या एका पोरीचा फोन नंबर घाणेरडं लिहून इंटरनेटवर टाकला. अनोळखी माणसांचे फोन येऊन येऊन पोरगी कॉलेज सोडून घरात बसली. बाईनं त्यानं वापरलेला कॉम्प्युटरच उचलून पुरावा म्हणून पोलिसांत दिला.

"धंदा बसन बाई," मी म्हटलं.

"बसू द्या. मले चोर म्हनला, ते बोलनं होतं. हे पोरीले जगू न देनं हाये."

बाईनं बोलावून घेतलं, तेव्हापासून त्या रिकाम्या टेबलावर ती पोरगी अभ्यास करते. परवा तिचा फोन वाजला. ती दचकली नाही. उचलून मोठ्यानं "हॅलो" म्हणाली.