न दाबलेली लिंक

ॲम्ब्युलन्सच्या कॉल सेंटरमधल्या मुलीला मी चोर समजलो आणि तिचा फोन कापला. त्या वेळी माझ्याच बैठकीत, सोफ्याला पाठ टेकून, जमिनीवर माझ्या बायकोचे मामा छातीला हात लावून बसले होते. मी बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालो आहे, हेही इथंच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर जास्त लाज वाटेल.

आता मामाजींविषयी. स्वतःचं मरण सोडून बाकी सगळ्यांच्या मरणाची एवढी काळजी करणारा दुसरा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. बीरगांवजवळच्या एका कारखान्यात ते फोरमन होते. तिथं एकदा एक तरुण कामगार चक्कर येऊन पडला, सगळे भोवती गोळा झाले, आणि मामाजींनी मोठ्या मायेनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजलं. ही हकीकत मला कोणी गुपचूप सांगितलेली नाही. मामाजी ती स्वतःच, कोणालाही, कुठंही सांगतात. किंबहुना तीच त्यांची ओळख करून द्यायची पद्धत. आमच्या मेहुणीच्या लग्नात व्याही रसगुल्ल्याची वाटी घेऊन पुढे आले, तर मामाजी म्हणाले, "नमस्कार. मी एका बेशुद्ध माणसाले पाणी पाजलं होतं. ते श्वासात गेलं. पोट्टा गेला." व्याह्यांच्या हातातला रसगुल्ला वाटीत परत गेला. मी मामाजींना बाजूला घेऊन म्हटलं, "मामाजी, लग्नात असं बोलतात का?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग कुठं बोलू, जावईबापू? लोक जमतात तिथंच बोललं पाहिजे ना." आणि लगेच पंगतीच्या कडेला, सतरंजीवर, नव्या झब्ब्यानिशी उताणे पडून त्यांनी वराकडच्या मंडळींना विचारलं, "आता मी बेशुद्ध आहे. काय कराल?" वराकडच्यांनी हळूच मुलीच्या घराण्यात कोणाला काही त्रास आहे का, याची चौकशी केली.

कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "इथून ॲम्ब्युलन्स बोलवायची झाली तर पत्ता काय सांगाल?" उत्तर बरोबर आलं तरच चहा प्यायचा. आता आपल्या लोकांची पत्ता सांगायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पूर्वी जिथं टॉकीज होती तिथून डावीकडे, अमक्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे. ते डॉक्टर वारले, दवाखान्यात मोबाइलचं दुकान झालं, पण पत्ता अजून डॉक्टरांच्याच नावानं चालू. त्यामुळे आमच्या समता कॉलनीतल्या निम्म्या घरांत मामाजी कोरडेच बसत. एकदा मामींना साडी घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात गेले आणि दुकानदाराला हाच प्रश्न विचारून बसले. तो बिचारा म्हणाला, "चाचाजी, हमारी दुकान सबको मालूम है." मामाजी म्हणाले, "एम्बुलेंसवाला साड़ी लेने आता है क्या?" त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या पोऱ्यांना पत्ता पाठ झाला, साडी मात्र राहून गेली.

आणि तो पाहुणा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची हे शिकवायला जो पुतळा लागतो तो महाग, म्हणून मामाजींनी पंडरीच्या कटपीसमधून आपला पुतळा स्वतः शिवून घेतला होता. आत कापूस, अंगात स्वतःची जुनी पँट आणि चौकड्यांचा शर्ट. त्याचं नाव पाहुणा. तो स्कूटरवर त्यांच्या मागे, पोटाला दुपट्ट्यानं बांधलेला, मान टाकून बसायचा. एका चौकात ट्रॅफिकच्या हवालदारानं अडवलं, "पीछेवाले का हेलमेट?" मामाजींनी खाली उतरून गाठ सोडली, पाहुण्याला फुटपाथवर आडवं केलं आणि हवालदाराला गुडघ्यावर बसवून छाती कशी दाबायची ते शिकवलं. गाड्या हॉर्न मारत होत्या. हवालदार घामाघूम झाला, पण मामाजी म्हणतात की त्याचा हात फार चांगला आहे.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी मनापासून हसायचो. पण मामाजींना खरं काय हवं होतं, ते ते आडपडदा न ठेवता सांगत. पार्षद निधीतून, म्हणजे नगरसेवकाला मिळणाऱ्या पैशातून, वॉर्डात या शिकवणीचे नियमित वर्ग व्हावेत. चौकीदार, ऑटोवाले, पंडरीचे हमाल, घरकामाच्या बाया, सगळ्यांना मदतगार म्हणून तयार करावं. आणि फोन कसा करायचा, कॉल सेंटरवाले काय विचारतात, ते मोबाइलवर लिंक पाठवतात ती दाबली की आपण कुठं आहोत ते त्यांना कसं दिसतं, हेही शिकवावं. कोणी म्हणालं की आपण वर्गणी काढू, तर मामाजी भडकत. "वर्गणीतून गणपती बसवा. हे काम वर्गणीतून होत नाही. जो वर्गणी देईन तोच शिकीन, अन् पडणारा माणूस वर्गणी पाहून पडत नाही."

आमच्या कॉलनीच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा अध्यक्ष मी होतो. निधी एकाच कामासाठी मागता येणार होता. एकीकडे मामाजींचे वर्ग, दुसरीकडे कॉलनीच्या तोंडाशी स्वागत कमान. मामाजी पाहुण्याला शेजारच्या खुर्चीवर बसवून बोलले. मग मी उठलो. मला सभेला हसवायची खोड आहे. मी म्हटलं, "आपण सगळे शिकलेले लोक आहोत. फोन करता येत नाही असा इथं कोण आहे? त्या पाहुण्याला सोडून?" हशा झाला. कमान मंजूर झाली. मामाजी उठले. पाहुण्याला दुपट्ट्यानं बांधून घेऊन गेले.

कमान उभी राहिल्यावर एका रविवारी मामा-मामी आमच्याकडे जेवायला होते. वरणभात झाला, मामाजींनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "जावईबापू, मले काही ठीक वाटून नाही राहिलं." मला वाटलं, प्रयोग सुरू झाला. मी म्हटलं, "झोपा आडवे, सांगतो काय करायचं ते." मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला. बायको ओरडली, "अहो, फोन लावा ना." मी एका हातानं फोन लावला आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन मामाजींकडे निघालो. मामाजींनी डोळे उघडले, ग्लासाकडे पाहिलं आणि कसंबसं म्हणाले, "ग्लास खाली ठेवा."

तिकडून मुलगी विचारत होती, "सर, कहाँ से बोल रहे हैं?" मी म्हटलं, "स्वागत कमान के पास." ती म्हणाली, "सर, कौन-सी कमान? उधर तो हर कॉलोनी में है." खरंच होतं, त्या साली सगळ्यांनीच कमानी घेतल्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या. मी म्हटलं, "अरे, वो पुराने टॉकीज के आगे." ती म्हणाली, "सर, मैं आपके मोबाइल पर लिंक भेज रही हूँ. उसको दबाइए, मुझे लोकेशन मिल जाएगी."

लिंक. नोकरीच्या शेवटच्या काळात मी गावोगाव फिरून लोकांना एकच गोष्ट शिकवली होती. कोणी फोनवर घाई केली, घाबरवलं आणि लिंक दाबायला सांगितलं, तर फोन कापा. फोन मीच लावला आहे, हे माझ्या डोक्यातून पार गेलं. मी अत्यंत करारी आवाजात म्हणालो, "मैडम, मैं बैंक में था. मुझे मत सिखाइए." आणि फोन कापला. तिनं परत लावला. मी परत कापला. तेव्हा बायकोनं माझ्या हातातून मोबाइल हिसकावला, लिंक दाबली, आणि तिसऱ्यांदा फोन आला तो तिनंच घेतला. मामाजींना चालवू नका, बसवूनच ठेवा, गळ्याचं बटण सोडा, असं त्या मुलीनं सांगितलं आणि गाडी दारात येईपर्यंत ती लाइनवर राहिली. मी दारात उभा राहून कमानीकडे पाहत होतो.

मामाजी वाचले. डॉक्टर म्हणाले की हृदयाचा थोडा भाग कायमचा गेला, अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. त्यातली माझी मिनिटं किती, हे मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. एके दिवशी त्यांच्या खाटेशी बसून मी रडवेल्या तोंडानं काही बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "आता मले जास्त बोलवत नाही," ते म्हणाले, "पुढच्या बैठकीत तुम्ही बोला. तुमच्यापाशी आता सांगायले काहीतरी आहे."

मामाजी आता सतरंजीवर उताणे पडत नाहीत. पडले तर उठायला दोन माणसं लागतात. स्कूटर त्यांनी मामींच्या धाकानं विकली. पाहुणा माझ्याकडे असतो, माझ्या गाडीवर मागे बसतो, आणि त्याची मान माझ्या पाठीवर आपटली की मला उगाच वाटतं, तो काहीतरी विचारतो आहे.

पुढच्या बैठकीला खुद्द पार्षद आले होते. मामाजी पहिल्या रांगेत, शाल पांघरून. मी भाषण लिहून नेलं होतं. त्यात 'आपत्कालीन प्रसंगी काही नागरिकांकडून अनवधानाने होणारा विलंब' असं एक सुंदर वाक्य होतं, आणि ते नागरिक कोण याचा उल्लेख नव्हता. मी ते वाचलं. मामाजींनी शालीतून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

पार्षद सगळं ऐकून हसत म्हणाले, "भैया, आपकी कॉलोनी में तो सब पढ़े-लिखे लोग हैं. फ़ोन करना किसको नहीं आता?"

हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून. मी कागद खाली ठेवला आणि आता सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोवर मामाजी खुर्चीचा हात धरून सावकाश उभे राहिले होते. त्यांनी आधी दम घेतला, मग माझ्याकडे बोट केलं.

"ये हमारे दामाद हैं," ते म्हणाले. "बैंक में मैनेजर थे. इनको नहीं आता."