दोन सभासदांच्या सह्या

वडील मंडईत हमाली करायचे, आई पेठेत चार घरची धुणीभांडी. राहायला कात्रजच्या चढावर पत्र्याची एक खोली. मी बारावीला असताना वडिलांची पाठ गेली आणि आईने चारची सहा घरं केली. एफ.वाय.ला समाजशास्त्राचं पुस्तक आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून घेतलं, शिवण उसवून तीन तुकडे केले. माझ्या वाट्याला आधी शेवट आला.

कॉलेजातून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, तेही नेमलेलं. म्हणून पेठेतल्या जुन्या वाचनालयाचा फॉर्म आणला. खाली अट होती: दोन सभासदांची शिफारस आवश्यक. आमच्या ओळखीत कोण सभासद असणार?

"त्यात काय, सरांना सांगते," आई म्हणाली.

सर म्हणजे तिच्या कामाच्या घरातले निवृत्त प्राध्यापक, त्या वाचनालयाचे जुने सभासद. त्यांच्या भिंतभर पुस्तकांची धूळ दर शनिवारी आई पुसायची. एखादं सापडलं नाही की सर तिलाच हाक मारायचे, आणि चौथी शिकलेली आई ते अचूक काढून द्यायची.

सरांनी फॉर्म चष्म्याखालून पाहिला.

"अहो बाई, सही म्हणजे जबाबदारी असते. हिने पुस्तक हरवलं तर उत्तर कोणी द्यायचं?" मग मला म्हणाले, "सध्या काय वाचतेस?"

"मिळेल ते, सर."

"मग मिळतंय की! आणखी कशाला?"

आई "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला आत गेली. त्या "बरं"चा राग मला अजून येतो.

त्याच महिन्यात सरांचं व्याख्यान होतं, वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर. मी मुद्दाम गेले. "घरात पहिल्यांदाच शिकणारी ही मुलं," सर म्हणाले, "यांना पदवी हवी असते, पुस्तक नको असतं." लोकांनी माना डोलावल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली तशी मी उभी राहिले.

"सर, मी तुमच्याकडे वाचनालयाच्या फॉर्मवर सही मागायला आले होते."

"ताई, प्रश्न विचारा. निवेदन नको," अध्यक्ष म्हणाले.

"प्रश्न तोच आहे. आता देता का सही?"

मागे कोणीतरी हसलं. सरांनी घड्याळ पाहिलं. "पुढचा प्रश्न."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात हे मी मैत्रिणींना तावातावाने सांगत होते. आमच्या शिपाईकाकांनी ऐकलं. ते त्याच वाचनालयाचे तीस वर्षांचे सभासद! काकूही सभासद, शिवणकाम सांभाळून महिन्याला चार कादंबऱ्या संपवायच्या. त्यांच्याविषयी कुठल्या व्याख्यानात कोण बोलणार?

"काका, पुस्तक हरवलं तर?"

"हरवलं तर शोधू की. आण इकडे फॉर्म."

दोघांनीही सह्या केल्या.

आता मी वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. स्टाफरूममध्ये चहा ढवळत सहकारी माझ्यासमोर बोलतात, "असल्या घरातली पोरं यायला लागली आणि दर्जा घसरला." मी विचारते, यातल्या एकाला तरी तुम्ही वाचनालयाच्या दारापर्यंत नेलंत का? मग लगेच पावसापाण्याच्या गप्पा निघतात. वाचक उरला नाही म्हणून गळे काढायचे, आणि दाराशी आलेल्याला विचारायचं, तू कोणाच्या ओळखीची!

वाचनालयाची अट अजून तशीच आहे. मी एम.ए. झाले, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाले. गेल्या वर्षी आईचा फॉर्म भरला. त्यावर एक सही माझी, दुसरी काकूंची. आई आता सभासद आहे.