साहेब म्हणतात

आमच्या पिंपरीतल्या दवाखान्यातल्या सिस्टर टॅबला साहेब म्हणतात. गरोदर बाईचं बीपी त्यात भरायचं आणि स्क्रीन लाल झाली की तिला मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं. सिस्टर स्वतःचं म्हणून काही सांगतच नाहीत. "गोळी चुकवायची नाही, साहेब म्हणतात."

सातव्या महिन्यात माझं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सिस्टरांनी दोनदा बीपी घेतलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलला जायला सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "रविवारी डोहाळजेवण आहे. चाकणची सगळी मंडळी येणारेत. सोमवारी नेऊ."

सिस्टरांनी टॅब उचलून त्यात पाहिलं. "साहेब आत्ताच निघा म्हणतात."

सासूबाई पदर सावरून रिक्षा बघायला गेल्या.

मी सिस्टरांच्या शेजारीच बसले होते. टॅबची स्क्रीन काळी होती. सकाळपासून लाइट नव्हती आणि साहेब केव्हाच बंद पडले होते. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि टॅब पालथा ठेवला.

आता मुलीला डोस द्यायला गेलो की सासूबाई आधी टॅबला नमस्कार करतात. सिस्टर तो नीट पुढे धरतात.