सासऱ्यांनी दाखवलेले जिवंत मासे

लग्न होऊन मी अंजूरला आले, तेव्हा मासा म्हटला की मला फक्त त्याचे डोळे दिसायचे. माझं माहेर संगमनेरकडचं. घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. काल्हेरच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी नोकरीला लागले. तिथल्या सुपरवायझरशी ओळख झाली, ती वाढली, आणि दोन्ही घरांचे रुसवेफुगवे निघाल्यावर आम्ही लग्न केलं. सासर खाडीकाठचं. तिथे मासळीला मावरा म्हणत, आणि भाजी ही मावरा मिळाला नाही तर करायची गोष्ट होती.

मला कोणी कधी आग्रह केला नाही. सासूबाई माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात वालाची आमटी करायच्या. पण सासऱ्यांना माशाचं डोकं फार प्रिय. कालवणातलं डोकं त्यांच्या ताटात पडलं की ते निवांत चोखत बसायचे, आणि मी माझं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. सून भिंतीशी बोलत जेवते हे त्यांच्या मनाला लागलं असावं. एका रविवारी सकाळी त्यांनी शेजारच्यांची सुमो मागून आणली आणि आम्हाला तयार व्हायला सांगितलं. मुंबईला चौपाटीजवळ मत्स्यालय आहे, तिथे जायचं होतं.

"मेलेला बघितला म्हणून भ्या वाटतं," ते मला म्हणाले. "जित्ता बघ एकदा. भ्या जातं का न्हाय ते सांग."

नवरा गाडी चालवत होता. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकलो तेवढ्या वेळात सासऱ्यांनी मला खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या हाताने कशा धरतात ते समजावलं. सासूबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. मासे बघायला एवढ्या लांब कशाला, रोज दारात येतात की, एवढंच त्या निघताना म्हणाल्या होत्या.

मत्स्यालयात अंधार होता आणि उजेड सगळा काचांमागे. सासरे पुढे झाले. लग्नघरात नवीन सुनेला एकेका पाहुण्याची ओळख करून द्यावी तसे ते मला काचेपुढे नेऊन उभं करत. ही पाकट, ही वाम, ही शेवंड. नाव सांगून झालं की लगेच ते कशात शिजवतात ते. वामीला आमसूल जरा जास्त लागतं, शेवंडीला काही लागतच नाही. आवाज त्यांचा शेतावरचा. शेजारच्या एका बाईंनी आपल्या मुलांना हळूच पुढच्या काचेकडे नेलं. नवरा, आपण यांच्याबरोबर आलेलोच नाही अशा चेहऱ्याने, कासवाच्या टाकीवरची पाटी वाचत राहिला.

मला मात्र मजा वाटत होती. रंगीत मासे तर सुंदर होतेच, पण साधे करडे मासेसुद्धा पाण्यात असे वळत होते की मी डोळ्यांचं विसरूनच गेले.

मग लक्षात आलं की सासूबाई आमच्यात नाहीत. त्या मागेच एका काचेपुढे थांबल्या होत्या. आत एक मोठा हेकरू होता, जाड ओठांचा, म्हाताऱ्या माणसासारखा. मी जवळ गेले. त्या डावीकडे सरकल्या की तो डावीकडे येई, उजवीकडे सरकल्या की उजवीकडे. तोंड उघडत होता, मिटत होता. सासूबाईंनी आयुष्यभर मासे कापले होते, पण ते सगळे टोपलीतून आलेले. कोणी त्यांच्यामागे असं फिरलं नव्हतं.

"तुला डोळ्यांचंच भ्या वाटतं ना?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

मी हो म्हटलं.

"मला वाटलं, नाटकं करतेस."

परतताना सासऱ्यांनी गिरगावातल्या एका खाणावळीत माझ्यासाठी साधी, भाजीची थाळी आणि बाकीच्यांना सुरमईच्या थाळ्या सांगितल्या. सासूबाईंनीही साधी मागितली. सासऱ्यांनी वाढप्याला परत विचारायला लावलं. साधीच, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मावरेवाली दारात आली, तिला त्यांनी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशीही. घरात वांगं झालं, शेवग्याच्या शेंगा झाल्या, पिठलं झालं. शेवटी एका संध्याकाळी सासऱ्यांनी मला अंगणात गाठलं आणि हळूच सांगितलं की ती तुझंच ऐकेल, तूच काहीतरी बोल. माळकऱ्यांच्या मुलीने सासरी मावरा शिजावा म्हणून रदबदली करायची होती.

मी बोलले. सासूबाई हसल्या. खायला त्यांची हरकत नव्हती, जीभ तर त्यांचीही खवळली होती. पण कापताना डोकं आपल्याकडे बघतं, म्हणाल्या. मग दोघींनी मिळून तोड काढली. मावरेवालीनेच दारात डोकी काढायची आणि घेऊन जायची. कालवण पुन्हा सुरू झालं. सासऱ्यांना कालवण मिळालं, डोकं मिळालं नाही. त्यासाठी ते काल्हेरला बहिणीकडे जाऊ लागले, आणि तिथून अगदी तृप्त होऊन परत येत.

ताटात डोकं दिसेना, तशी मी भिंतीकडून वळून सगळ्यांच्यात बसायला लागले. एक दिवस कोळंबीच्या रश्शाचा वास असा काही सुटला की मी भाताच्या कडेला थोडा घेतला. मग रोजच घ्यायला लागले, मग माशाची एक तुकडी, मग दुसरी. माहेरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

मत्स्यालयाचा गुण आला, असं सासरे येईल त्याला सांगत. कशाचा गुण आला, यावर सासूबाईंचं मत वेगळं होतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. एका दुपारी वाढता वाढता त्यांनी सहज मला विचारलं, मीठ बरोबर आहे का.

जरा कमी आहे, मी म्हटलं.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "महिना न्हाय झाला खायला लागून," ते म्हणाले, "नि आता ही मीठ सांगते."

सासूबाईंनी चव घेतली आणि मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला.