राजा मकारोनी दुसरा

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल तर आधी तो चहाचा कप खाली ठेवा, उगाच अंगावर सांडेल आणि पाप मला लागेल. माझ्या नावावर आधीच एक पाप आहे, तेही इटलीत नोंदवलेलं!

तर झालं असं. माझं म्हसावदला ठिबकच्या नळ्यांचं आणि पाइपांचं दुकान. त्या वर्षी विक्री अशी झाली, अशी झाली, की पाइपवाल्या कंपनीने इटलीची सहल दिली. जोडीने! आणि नेमकं त्याच वेळी माझं लग्न ठरलं, ब्राह्मणपुरीच्या हर्षालीशी. म्हटलं, वा! हनिमून इटलीत!

साखरपुड्याला सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, परका मुलुख, परकी भाषा. जमेल ना?" सासरे निवृत्त इतिहास-शिक्षक. समोर शंभर माणसं, बाजूला हर्षाली. माझ्या जिभेला हाड कुठलं! म्हटलं, "बाबा, काळजीच करू नका. इटालियन येतं मला."

अहो, मला 'सी' येत होतं. सी म्हणजे हो. संपलं.

रोमला उतरलो आणि कळलं, हनिमूनला आम्ही दोघंच नव्हतो, चाळीस डीलर होते. बसमध्ये शेवेचा वास, मागच्या सीटवर पत्ते आणि पुढच्या सीटवर प्रेशर पाइपचा भाव. तिसऱ्या दिवशी हर्षालीचे डोळे भरून आले. "हनिमून जर पाइपवालाससंगेच कराना व्हता, ते आपला शहादा काय वाईट व्हता? एक दिन ते दोन्हीच जाऊत!"

बायकोचे डोळे भरले की माझी अक्कल सुटते. म्हटलं, "चल! उद्या असिसी. डोंगरावरचं जुनं शहर. आपण दोघंच. भाषेचं मी बघतो."

आगगाडीत बसलो. वर कर्णा बोलला. हर्षालीने विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "उजवीकडे बसा म्हणतो, देखावा छान आहे." आम्ही उजवीकडे बसलो. दोन तास भिंती बघितल्या. ती ओढणीत तोंड लपवून खोकली.

असिसी मात्र, खरं सांगतो, पाहतच राहावं असं. गुलाबी दगडाची घरं, चढणीच्या गल्ल्या, खाली पसरलेलं सपाट रान. तोरणमाळच्या कड्यावरून खाली बघावं तसं. हर्षालीने माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा, भर रस्त्यात! मला वाटलं, जिंकलो.

तिथेच थांबायला हवं होतं.

चौकात एक म्हातारी गाईड तिच्या लोकांना सिंहांचं कारंजं दाखवत होती. "काय सांगी ऱ्हायनी ती?" हर्षालीने विचारलं.

आता 'माहीत नाही' म्हणायला किती श्वास लागतो? एक. पण नाही! मी सुरू झालो. "हे कारंजं राजाने सासूसाठी बांधलं. सासू फार बोलायची. राजा म्हणाला, पाण्याच्या आवाजात हिचं ऐकूच येणार नाही."

हर्षाली खळखळून हसली. आणि हसता हसता तिने मोबाइल काढला, सगळं स्वतःच्या आवाजात भरलं आणि बाबांना पाठवलं!

दोन मिनिटांत उत्तर. "जावईबापू! अप्रतिम! राजाचं नाव विचारा. मी वहीत टिपून घेतोय."

समोर हॉटेलच्या पाटीवर जे दिसलं ते मी बोललो. "राजा मकारोनी. दुसरा."

"अहो, मकारोनी तर खायचं असतं ना?"

"त्याच्याच नावावरून! आपल्याकडे शाही पनीर नसतं का?"

पुन्हा मोबाइल, पुन्हा बाबा. "पहिल्या मकारोनीचं काय झालं?" त्याला मी लढाईत मारला. "कोणत्या लढाईत?" सांगितलं. "शत्रू कोण?" बघा, एक खोटं झाकायला मी अख्खं घराणं उभं केलं आणि सासरे तिकडे त्याची वंशावळ काढत बसले! सासऱ्यांनी तर जाहीर केलं, येत्या रविवारी गावातल्या वाचनालयात 'असिसीचा अज्ञात राजा' यावर व्याख्यान.

मी घाईने तिला एका मोठ्या चर्चमध्ये ओढलं. म्हटलं आत शांतता असते, कुणी बोलणार नाही आणि मला भाषांतर करावं लागणार नाही. आत एका लाकडी खोपटासमोर रांग होती. खोपटाला बारीक जाळीची खिडकी, वर हिरवा दिवा. एक माणूस बाहेर आला की दुसरा आत.

"तिकीट खिडकी," मी म्हटलं. "आतलं बघायला तिकीट लागतं."

हर्षालीने माझ्याकडे असं बघितलं... मला तेव्हा कळलं नाही. "नक्की ना?" म्हणाली.

"अगं, पाटीच वाचली ना मी!"

"मग जा. मी आठेच उभी शे."

माझा नंबर आला. आत गेलो. खिडकी एवढी खाली, की गुडघे टेकावे लागले. मी जाळीला दोन बोटं दाखवली. आतून मऊ आवाजात काहीतरी लांबलचक इटालियन आलं. मी म्हटलं, "सी." पुन्हा प्रश्न. "सी, सी." मग इंग्रजीत काहीतरी. माझं इंग्रजी युरियाच्या गोणीवर लिहितात तेवढंच.

मी कपाळाला हात लावला आणि स्वतःशीच पुटपुटलो, "आते हाऊ काय बोली ऱ्हायना, कोनले मालूम! हर्षालीले काय सांगू मी?"

मग जाळीतून आवाज आला,

"कोन्ता गावना शेस रे भाऊ तू?"

अहो, अंगावर सर्रकन काटा आला! देवच बोलला म्हणा ना! आणि देव अहिराणी बोलतो!

"म्ह... म्हसावदना."

"मी नवापूरकडना. घरमा आम्ही आमनी आदिवासी कोकणी बोलतस, पण नंदुरबारले शिकनू, म्हणीसन समजस. भाऊ, आठे तिकीट नही भेटत. आठे लोक पापं सांगतस."

आता एवढ्या लांब, आपल्या भाषेत, आपल्याकडचं माणूस भेटल्यावर माझा बांध राहतो होय? फुटला! "फादर, मंग मन्हं बी लिखी ल्या! माले इटालियन येत नही! एक शब्द बी येत नही! मकारोनी नावना राजा कोठेच नही व्हता! सासरा रविवारले भाषण दी ऱ्हायना! मन्ही इज्जत चालनी, फादर!"

आतून खोकल्यासारखा आवाज आला. फादर हसत होते की काय, कोण जाणे. मग म्हणाले, "बायकोले खरं सांगी दे."

"नही! तुम्ही बी तिले सांगू नका!"

"आठे जे सांगतस ते मी कोनलेच सांगत नही. बंधन शे."

हुश्श! केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! गुडघे झटकून बाहेर आलो.

फक्त एक गोष्ट विसरलो होतो. मी शेतात वाढलेला माणूस. पाण्याच्या चालू मोटारीशेजारी उभं राहून पलीकडच्या बांधावरच्याशी बोलायची सवय. माझी कुजबुज तीन एकर ऐकू जाते.

अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. आणि रांगेच्या पुढे, हाताची घडी घालून, हर्षाली.

मला वाटलं, संपलं. आता ही बोलणार. पण ती म्हणाली, "सरका. माले बी बोलनं शे." आणि आत गेली! दहा मिनिटं! मध्येच फादरांचं हसू एवढं मोठ्याने फुटलं, की दोन म्हाताऱ्या दचकल्या.

बाहेर आली. मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"बंधन शे."

स्टेशनवर बाकड्यावर बसलो. मी मान खाली घालून. एवढा एक दिवस मागितला होता बिचारीने, तोही मी वाया घालवला. वर कर्णा बोलला. हर्षाली पटकन उठली, पिशवी उचलली. "चला लवकर. गाडी तीन नंबरवर येणार आहे, वीस मिनिटं उशिरा."

मी बसल्या जागी थिजलो. "तुला... तुला कसं कळलं?"

"तुम्ही म्हणालात ना, तुम्हाला येतं? साखरपुड्यापासून रोज शिकले मी, मोबाइलवर. म्हटलं, चाळीस डीलरांच्या मध्ये बसून आपण दोघंच बोलू, कुणाला काही कळायचं नाही."

काय सांगू! लाजेनं मेलो आणि त्याच वेळी असं प्रेम दाटून आलं, की फलाटावरच रडलो असतो. म्हणजे ती सारखी कानात वायर घालून बसायची, ती गाण्यांसाठी नव्हती! म्हणजे गाडीत भिंती, चौकात कारंजं, सगळं तिला पहिल्यापासून...

"थांब!" मी ओरडलो. "तुला सगळं कळत होतं, तर तो मकारोनी बाबांना का पाठवत होतीस?"

हर्षाली माझ्याकडे वळून गोड हसली.

"बंधन शे."

मी मुकाट्याने तिच्यामागे निघालो. गाडी तीन नंबरवरच आली.