मुरमात रोवलेले खांब

गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या सौर प्रकल्पावर मी इंजिनिअर म्हणून रुजू झाले, तेव्हा पॅनेलच्या पायाचा नकाशा पुण्याहून तयार होऊन आला होता. सगळ्या रानात एकाच मापाचे, छातीभर खोल, जाडजूड काँक्रीटचे खांब. खड्ड्यांच्या कामावर तांड्यावरचे एक काका होते. विहिरी खोदण्यात त्यांची हयात गेलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "ताई, सगळीकडं एकच माप काहून?"

"नकाशात तसंच आहे."

"माळाकडं हातभर मातीखाली मुरूम लागतो. नाल्याकडं पुरुषभर काळी हाय. ती पावसाळ्यात फुगते. खांब मुरमात गेला न्हाई, तर वर ढकलंल त्याला."

मी जागोजागी खड्डे घेऊन पाहिले. काकांचं म्हणणं बरोबर होतं. मग नवी आकडेमोड केली. माळाकडे आखूड खांब, नाल्याकडे मुरमात शिरतील एवढे लांब. पण सगळेच बारीक, म्हणजे फुगणाऱ्या मातीला धरायला अंगच कमी. काँक्रीट जवळजवळ निम्म्यावर आलं.

पुण्याच्या ऑफिसातले मोठे साहेब फोनवर हसले. "या काड्या? पॅनेलखाली वारा शिरला की उपटून नेईल."

"तुम्ही येऊन उपटून बघा," मी बोलून गेले.

नाल्याकडे दोन खांब ओतले, एक पुण्याच्या मापाचा, एक माझा. काँक्रीट पक्कं झाल्यावर आठ दिवस टँकरने पाणी सोडून आजूबाजूची माती फुगवली. साहेब आले, तेव्हा जाडा खांब कुणी हात न लावताच दोन बोटं वर आला होता. माझा जागच्या जागी होता.

"आता ओढा," साहेब म्हणाले.

लोखंडी तिवईला चेनपुली टांगून आम्ही ओढायला लागलो. आकडेमोडीत वादळाचा जेवढा जोर धरला होता, तेवढा ताण झाला. मग दीडपट. मग दुप्पट. साहेब स्वतः चिखलात गुडघे टेकून, खांब किती हलतो ते दाखवणाऱ्या मापकाचा काटा बघत होते. काटा जेमतेम थरथरला.

"बास करा साहेब," काका ओरडले, "खांब येत न्हाई, तिवईच खाली चालली!"

साहेब उठले, पँट झटकली आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. "नकाशा बदलतोय. इथल्या बाईंनी केलाय तो घ्या."

"काकांचं नावही सांगा," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं.

पावसाळा सरल्यावर आम्ही दोघांनी नाल्याकडच्या ओळींना दोरी लावली. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मी. ओळीमागून ओळ तपासली. एकही खांब रेषेबाहेर नव्हता.